अकरा जुलैची फुलं आणि आपले एकशे आठ

दरवर्षी 4 जून आला की वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन खासदार 1989 साली बीजिंगच्या तिआनमेन चौकात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांची आठवण काढतात. चांगलंच आहे. खुद्द चीनमध्ये त्या दिवसाचं नाव घ्यायची सोय नाही आणि हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कातली मेणबत्त्यांची सभाही 2020 पासून बंद पाडली. पण दुसऱ्याच्या सरकारनं मारलेल्यांना फुलं वाहणं तसं स्वस्तात पडतं. 14 ऑगस्ट 2013 ला कैरोच्या राबिया चौकात ह्यूमन राइट्स वॉचच्या नोंदीप्रमाणे किमान 817 माणसं मारली गेली. तिथे मारणारं सरकार अमेरिकेचं दोस्त. लष्करी मदत थोडे दिवस अडली, 2015 मध्ये पुन्हा सुरू झाली.

म्हणून मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना मुलांना विचारते, आपल्या घरच्या गोळीबाराची आठवण आपले आमदार-खासदार कशी काढतात?

एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी फ्लोरा फाउंटनला आणि मुंबईत इतरत्र गोळ्या झेलणाऱ्यांना आज मुख्यमंत्री स्वतः पुष्पचक्र वाहतात. त्या लढ्याचा आवाज बनलेले शाहीर अमर शेख आपलेच, बार्शीचे. (हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात.) पण ही इज्जत मिळाली कारण लढा जिंकला, 1960 ला राज्य झालं.

लढा जिंकला नाही तर? त्याचं उत्तर घाटकोपरला, पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला आहे. 11 जुलै 1997 ला सकाळी रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीनं गोळ्या चालवल्या, दहा जण गेले. मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांना हे सहन झालं नाही, चार-पाच दिवसांतच त्यांनी स्वतःचा जीव दिला. पोलिसांचं म्हणणं होतं, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगाला ते पटलं नाही. आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला. 2009 मध्ये उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप झाली, मग अपील आणि जामीन. इन्साफ पूर्ण झाला असं कुणी म्हणणार नाही. तरी आयोग, अहवाल, खटला, शिक्षा इतकं तरी झालं.

हे आपोआप नाही झालं. वस्तीनं तारीख धरून ठेवली, शहीद स्मारक उभं केलं. पुढारी फुलं घेऊन येतात ते वस्ती आधीच तिथे उभी असते म्हणून. आता एमएमआरडीए आणि एसआरएच्या पुनर्विकासात झोपड्या जाऊन टॉवर येतायत. नव्या नकाशात स्मारकाची जागा कुठे, हे तिथल्या लोकांनी आत्ताच लेखी मागून घ्यावं. इमारती उभ्या राहिल्यावर कोण ऐकतो?

आता आपल्याकडे बघू. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत 900 माणसं गेली. श्रीकृष्ण आयोगानुसार त्यात 575 मुसलमान आणि 275 हिंदू. सुलेमान उस्मान बेकरीतला आणि वडाळ्याच्या हरी मशिदीतला पोलिसांचा गोळीबार आयोगानं नोंदवला. अहवाल 1998 ला विधिमंडळात आला आणि तिथेच थंड पडला. हा निदर्शनांवरचा गोळीबार नव्हता, दंगल होती, फरक मला कळतो. पण सरकारनं ज्यांचा जीव राखायचा होता तीच माणसं गेली, ही गोष्ट दोन्हीकडे एकच. 6 डिसेंबरला आपण मशिदीची आठवण काढतो. माणसांची नावं मात्र घरातच राहिली, अम्मी-अब्बांच्या कुजबुजीत. सरकारी स्मारक नाही आणि आपणही बांधलं नाही.

सगळ्यात मागे राहिले ते बेपत्ता. 168 जण घरी परतलेच नाहीत. मय्यत नाही, दफन नाही, मृत्यूचा दाखला नाही. 60 कुटुंबांना भरपाई मिळाली, 108 राहिली. 4 नोव्हेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राज्य सरकार कायदा-सुव्यवस्था राखण्यात कमी पडलं. या 108 कुटुंबांना शोधून प्रत्येकी 2 लाख रुपये, जानेवारी 1999 पासून 9 टक्के व्याजासकट द्यायचे आणि देखरेखीला महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांची समिती, असा आदेश झाला. जुन्या बंद फायली उघडायलाही सांगितलं.

जोगेश्वरी, कुर्ला, मालाड, गोवंडी, मुंब्रा... त्या वेळी घर सोडून गेलेली कुटुंबं कुठे आहेत हे सरकारपेक्षा आपल्याला जास्त माहीत असतं. तुमच्या नात्यात, जमातीत असं कुणी असेल तर जुनं रेशन कार्ड, हरवल्याच्या तक्रारीची प्रत, जे असेल ते काढा आणि जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, कमाई कितीही असो.

आणि रमजानमध्ये इफ्तारला येणाऱ्या आमदारसाहेबांना खजूर देताना एक काम सांगा. फुलं नकोत. विधानसभेत एक तारांकित प्रश्न टाका: 108 पैकी किती कुटुंबं सापडली, किती जणांच्या खात्यात पैसे जमा झाले आणि उरलेल्यांना कोण शोधतंय?