हिरवा पेला आणि बाबूजींचा रोजमेळ

कार्तिकी चौमासी उलटली, की आमच्या घरात पालेभाजी पुन्हा प्रवेश करते. चार महिने विसरलेला मेथीचा वास जिन्यापर्यंत येतो. काही घरांत तर फाल्गुनी चौमासीपासूनच पाला वर्ज्य असतो. त्यांच्या स्वयंपाकघरात हे आगमन आठ महिन्यांनी होते. त्यामुळे हिवाळ्यात आपण पाल्यावर जरा तुटूनच पडतो.

गेल्या वर्षी या भाजीच्या पाठोपाठ हिरव्या पेल्याची नवलाई घरात आली. बंगळुरूची नोकरी सोडून परतलेल्या माझ्या मुलीने दूध, दही, तूप सोडले होते. ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडात १९४४ साली जन्मला, असे तिने सासूबाईंना समजावून सांगितले. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे रोजचीच नीवी ना?” फळे आणि कच्ची पाने एकत्र वाटून पिण्याची प्रथा मात्र अलीकडची. २००४ च्या सुमारास अमेरिकेत व्हिक्टोरिया बुटेन्को या रशियातून आलेल्या बाईंनी ती लोकप्रिय केली.

कृती सोपी आहे आणि चवही खरोखर उत्तम, म्हणून आधी तीच सांगते. दोन माणसांसाठी पालकाची बारा-पंधरा कोवळी पाने घ्यावीत. प्रत्येक पान सुटे करून, उजेडाकडे धरून, मागची बाजू निरखावी. जुडी तशीच नळाखाली धरणे म्हणजे निवडणे नव्हे. तीन पाण्यांतून धुतलेली पाने अर्धी वाटी उकळून गार केलेल्या पाण्यात आधी एकट्याने वाटावीत. फळांबरोबर एकदम टाकली तर त्यांचे तुकडे दातांत येतात. मग त्यात एक पिकलेले केळे, सोललेल्या संत्र्याच्या बिया काढलेल्या फोडी, भिजवलेले तीन खजूर आणि पाच-सहा सोललेले बदाम घालावेत. मध अर्थातच नाही; तो आपल्यालाही चालत नाही आणि त्यांनाही. परदेशी कृतींत आले हमखास असते, त्याऐवजी चिमूटभर सुंठ घालावी. बर्फाची गरज मुळीच नाही, फळे माठाजवळ ठेवली तरी पुरे. अर्ध्या आवळ्याचा रस शेवटी घालावा, त्यातील क जीवनसत्त्वामुळे पाल्यातले लोह शरीराला अधिक मिळते. पेय गाळू नये, नाहीतर चोथा फेकला जातो आणि हाती गोड पाणी उरते. केल्याबरोबर प्यावे. दूध नसल्यामुळे अननस किंवा पपईही निर्धास्त घालता येते. दुधात ही फळे कडवटपणा आणतात. डाळिंब वा द्राक्षे घातली तर रंग मात्र गढूळ तपकिरी होतो. पाहुण्यांपुढे ठेवायचे असेल तर ती टाळावीत.

नवकारसीनंतरचा हा पेला घरात सर्वांना आवडू लागला. सर्वांत अधिक आवडला तो बाबूजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. नात स्वतःच्या हाताने करून देते, याचेच त्यांना अप्रूप. तिनेही प्रेमापोटी त्यांच्या पेल्यात पाने वाढवत नेली. बारा पानांची अर्धी जुडी केव्हा झाली, ते कोणाच्याच ध्यानात आले नाही.

बाबूजींच्या हृदयात नऊ वर्षांपासून धातूची झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये, यासाठी ते रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात आणि दर महिन्याला आयएनआर नावाची तपासणी करतात. त्यांचा आकडा २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान राहिला पाहिजे, असे डॉक्टरांनी ठरवून दिले आहे. वर्षानुवर्षे तो तिथेच होता. त्या मार्गशीर्षात तो १.४ आला.

डॉक्टरांनी विचारले, गोळी चुकली का? चुकली नव्हती. नवे औषध? नाही. काही काढा, चूर्ण? नाही. “शेठजी, मग खाण्यात काय बदलले?” बाबूजी म्हणाले, “काहीच नाही.” हिरवा पेला कोणाच्या तोंडी आला नाही, कारण चांगल्या वस्तूवर संशय घ्यायचे कोणाला सुचत नाही. शेवटी मुलीच्याच मनात शंका आली. डॉक्टरांना फोन करताना तिचा आवाज कापत होता.

कारण असे. वॉर्फरिन किंवा ॲसेनोकुमेरॉल या गोळ्या शरीरातल्या ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवून रक्त गोठण्याची गती मंद करतात. हे जीवनसत्त्व सर्वाधिक असते ते हिरव्या पानांत. पालकाच्या शंभर ग्रॅम कच्च्या पानांत ते सुमारे ४८० मायक्रोग्रॅम असते, तर मोठ्या माणसाची दिवसाची गरज शे-सव्वाशे मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नाही. शिजवलेली भाजी आपण वाटीभर खातो आणि थांबतो. वाटलेला पाला मात्र दोन घोटांत पोटात जातो, आणि किती गेला याचा अंदाज जिभेलाही येत नाही. गोळी तीच राहिली, पाला वाढत गेला आणि रक्त पुन्हा घट्ट होऊ लागले. अशा वेळी गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो.

आकडा वर येईपर्यंत बाबूजींना काही दिवस पोटात इंजेक्शने घ्यावी लागली. त्यांतले हेपारिन हे द्रव्य डुकराच्या आतड्यापासून मिळवतात, हे मुलीने नंतर कुठेतरी वाचले आणि ती दोन दिवस जेवली नाही. बाबूजींनी तिला जवळ बसवले. “बेटा, तू मला विष दिले नाहीस. मोजून दिले नाहीस, एवढेच.”

पाला अजिबात बंद करा, असे डॉक्टरांनी सांगितले नाही. उलट तसे करू नका, असे बजावले. पाला एकाएकी थांबला तर तीच गोळी जास्त होते आणि रक्तस्रावाचा धोका उभा राहतो. हे ऐकताना माझ्या मनात चातुर्मास उभा राहिला. आषाढी चौमासीला आपण एका दिवसात पाला सोडतो आणि कार्तिकीनंतर एका दिवसात त्याकडे परततो. ज्यांच्या घरी अशी गोळी चालू आहे त्यांनी या दोन्ही तिथी डॉक्टरांना आगाऊ कळवाव्यात. त्यांच्या सल्ल्याने त्या सुमारास आयएनआर लवकर तपासून घ्यावी. गोळीची मात्रा मात्र स्वतःच्या बुद्धीने कधीही बदलू नये. नियम मोडावा लागत नाही, फक्त तो डॉक्टरांना ठाऊक असावा लागतो. बाबूजींनी यंदा तसेच केले आणि त्यांचा चातुर्मास निर्विघ्न पार पडला. रक्त पातळ करणाऱ्या काही नव्या गोळ्यांवर पाल्याचा असा परिणाम होत नाही, परंतु धातूच्या झडपेसाठी त्या देत नाहीत. आपली गोळी कोणती, हे विचारून घ्यावे.

मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनीही कच्चा पालक रोज पिऊ नये. त्यातील ऑक्झलेट खड्यास कारण होते आणि अतिरेकाने मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दिवसभर गादीवर बसून पाणी प्यायचे विसरणाऱ्या आपल्या माणसांना हे मुद्दाम सांगावे. पाने उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी फेकले, तर ऑक्झलेट बरेच उतरते. मधुमेह असेल तर खजूर वगळावा आणि केळे अर्धे घ्यावे.

मुलीचीही तपासणी त्याच वेळी झाली. तिचे बी-१२ फार खाली होते. आपल्यासारख्यांना ते दुधातूनच मिळते, आणि दूध सोडल्यावर पाल्याचे कितीही पेले रिचवले तरी त्यांतून ते मिळत नाही. आता ती त्याची गोळी नियमाने घेते. ती जिवाणूंपासून बनवतात, म्हणून तिच्या व्रतात बसते.

यंदाही कार्तिकीनंतर पेला सुरू झाला आहे. भुसाराचा हिशेब ठेवण्यात आयुष्य गेलेल्या बाबूजींनी त्यासाठी लाल वही घातली आहे. डावीकडे पाने, उजवीकडे आयएनआरचा आकडा. डॉक्टरांनी आठ पाने ठरवली आहेत. अष्टमी-चतुर्दशीला त्यांच्या रकान्यात शून्य पडते, आणि तेही डॉक्टरांनी हिशेबात धरले आहे. काल मुलीकडून नऊ पडली. बाबूजींनी एक पान चमच्याने बाहेर काढले आणि तिच्या पेल्यात टाकले.