शीळ कोण घालतंय?



२०२३ च्या उन्हाळ्यात भाच्याकडे अमेरिकेत, ओहायोला, दोन महिने राहून आलो. तिथली एक गोष्ट लिहायची राहूनच गेली होती. परवा भाच्याशी फोनवर त्याच विषयावरून पुन्हा वाद झाला, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकावं. (नातेवाइकांनी त्याला मुद्दाम कळवायची गरज नाही, तो वाचतोच.)

तर झालं असं. भाच्याकडे विमान चालवण्याचा परवाना आहे. विमान त्याचं नाही, एका छोट्या क्लबचं, सेसना १७२ जातीचं. चार माणसं बसतात, पुढे एक पंखा, डोक्यावर पंख. हे विमान १९५६ पासून विकलं जातंय आणि आजवर चव्वेचाळीस हजारांच्या वर बनलीत, म्हणजे विमानांमधली ॲम्बेसिडरच म्हणा ना! मी पुढे भाच्याशेजारी, मागे त्याची नऊ वर्षांची मुलगी. खाली मक्याची शेतं, वर मोकळं आभाळ. आणि मागून नात म्हणते, "आजोबा, कुणीतरी शीळ घालतंय."

मला काही ऐकू येत नव्हतं. वयाने वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, ते माझे गेलेत. भाच्यालाही ऐकू येत नव्हतं, कारण त्याच्या कानावर आवाज मारणारे महागडे हेडफोन होते. नातीने मात्र तिचा हेडफोन घटकाभर काढून ठेवला होता. (बाबा रागावलेच.) मग भाच्याने स्वतःचा एक कान उघडा केला आणि त्याचा चेहरा बदलला. शीळ होती.

पहिल्यांदा त्याने वेग पाहिला. त्याचं कारण मला नंतर कळलं आणि फारच आवडलं. सेसनाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं छिद्र असतं. विमानाचा वेग फार कमी होऊन पंखांचा आधार सुटायच्या बेताला आलं, की त्या छिद्राशी हवेचा दाब घटतो, आतली हवा ओढली जाते आणि वाटेतली एक रीड वाजते. आपल्या बाजाच्या पेटीतल्यासारखी! वीज नाही, बॅटरी नाही. आधार सुटण्याच्या पाच-दहा नॉट आधीच भोंगा रडू लागतो. पण आमचा वेग चांगला १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर होता. तेव्हा तो भोंगा नव्हता.

यानंतर भाच्याने जे केलं ते पाहून मला माझ्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर आठवले. त्याने इंजिन थोडं मंद केलं आणि नाक किंचित खाली घालून वेग तेवढाच ठेवला. शिळेत फारसा फरक नाही. म्हणजे इंजिनाचा दोष नसावा, वाऱ्याचा असावा. मग वेग कमी केला, तर ऐंशीच्या खाली शीळ बंद. मग पायाने रडर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एका बाजूला शीळ वाढली, दुसऱ्या बाजूला थांबली. मग हवेसाठी वर असलेल्या दोन्ही नळ्या आत ढकलून बंद केल्या. काही फरक नाही. "दाराचं रबर गेलंय," असा निकाल देऊन साहेब खाली उतरले.

आता वारा शीळ का घालतो? रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारा, तसंच ते. शिवाय विमानाच्या फुगीर अंगावरून वारा जोरात वाहतो तिथे बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा बाहेर ओढली जाते, दारसुद्धा किंचित बाहेर फुगतं. जमिनीवर घट्ट वाटलेलं दार वर गेल्यावर घट्ट असेलच असं नाही.

खाली आल्यावर कागदाच्या पट्ट्या दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढून पाहायची. रबर ठीक असेल तिथे पट्टी अडते. वरच्या पुढच्या कोपऱ्यात ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. भाचा खूश! क्लबच्या मेकॅनिकला विचारून त्याने उजव्या दाराच्या त्या कोपऱ्यावर बाहेरून रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी लावली आणि एक फेरी मारून आला.

शीळ होतीच.

मग दुसरी फेरी. आता उजव्या पंखाच्या मुळाशी हवा आत घेणारं जे भोक असतं त्यावर पट्टी. शीळ गायब! तिसऱ्या फेरीला दाराची पट्टी काढली, पंखाची ठेवली. तरी शीळ नाही, दाराशी नुसती थोडी फुसफुस. म्हणजे दार निर्दोष नव्हतं, पण शीळ घालणारं ते नव्हतं. मेकॅनिकने ती नळी काढली, तर आतलं नमद्याचं कडं झिजून गेलेलं. नळी बंद होती, पण हवा बंद होत नव्हती. भाच्याने आकाशात त्या नळीला ढकलून "ही नव्हे" असं ठरवलं, चूक झाली ती तिथे.

चिकटपट्टीबद्दल एक गोष्ट सांगतो. प्रत्येक फेरीनंतर मेकॅनिक पट्ट्या मोजून काढत होता. मला ते अति वाटलं. मग त्याने सांगितलं, २ ऑक्टोबर १९९६ ला पेरूमध्ये लिमाहून निघालेलं एक बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि ७० माणसं गेली. विमान धुताना हवेचा दाब मोजणारी भोकं चिकटपट्टीने झाकली होती आणि ती काढायची राहिली. वैमानिकांना उंची कळेना, वेग कळेना, त्यात रात्रीची वेळ. मी गप्प बसलो.

आता वादाचा मुद्दा. क्लबमध्ये एक वही असते, विमानात काही बिघाड वाटला तर लिहायची. भाच्याने चहा पिता पिता इतरांना विचारलं, तर दोघे म्हणाले, "हो, ती शीळ ना? थंडीपासून येतेय." थंडीपासून! आणि वहीत एक अक्षर नाही. भाचाही लिहायला तयार नव्हता. "मामा, अरे नळी बसवून झाली. एवढ्याशा शिळेचं काय लिहायचं? असं प्रत्येकाने लिहिलं तर विमान हँगरमध्येच राहील. भित्रा म्हणतील मला."

त्याचं सगळंच चूक नाही. शीळ स्वतः निरुपद्रवी होती. तो म्हणतो की उडताना दार किलकिलं उघडलं तरी अशी विमानं सहसा नीट उडतात, अपघात होतात ते घाबरून दार ओढू पाहणाऱ्या वैमानिकामुळे. २९ डिसेंबर १९७२ चं फ्लोरिडातलं उदाहरणही त्यानेच दिलं. पुढच्या चाकाचा एक दिवा लागेना म्हणून ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानातले सगळे वैमानिक त्या बल्बमागे लागले आणि विमान हळूहळू खाली येत दलदलीत गेलं. १०१ माणसं मेली, एका बल्बपायी. तेव्हा आधी विमान चालवा, आवाजाचं नंतर बघा, हे मला पूर्ण मान्य.

पण "नंतर" म्हणजे थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत नव्हे. शीळ निरुपद्रवी आहे हे आपल्याला शोधल्यावर कळलं, शोधण्याआधी नाही. सैल झाकणाचा आवाजही वाऱ्याचाच असतो.

आमच्या शाळेत सातवीच्या वर्गाचं आढं करकरायचं. मी मुख्याध्यापकांना दोनदा सांगितलं. "मास्तर, तुम्हाला फार ऐकू येतं बुवा," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले आणि शिक्षकांच्या खोलीत हशा झाला. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. श्रावणातल्या एका रविवारी ते आढं कौलांसकट बाकांवर आलं. रविवार होता म्हणून... असो. लोक मुख्याध्यापकांना बोलले. पण तिसऱ्यांदा न सांगणारा मी होतो, हे मी आज पहिल्यांदाच लिहितोय.

म्हणून मी भाच्याला त्या दिवशी सोडलं नाही. वही काढायला लावली. त्याने लिहिलं: कुठल्या वेगाला शीळ, कुठल्या बाजूला, काय काय करून पाहिलं, पहिला अंदाज कसा चुकला, काय बदललं. "प्रथम कोणी ऐकलं" यापुढे मी नातीचं नाव घालायला सांगितलं. तो म्हणाला तसा रकानाच नाही. मग समासात लिहिलं.

परवाच्या फोनवर तो म्हणाला, वहीत हल्ली फारच नोंदी येतात, मेकॅनिक वैतागलाय. मी म्हटलं, वैतागू दे.

मग त्याने विचारलं, "मामा, कान तपासून घेतलेस का?" घेतलेत. डॉक्टर यंत्र लावा म्हणतात. अजून लावलेलं नाही.