वीतभर तार आणि वर्षभराची कैद : ई-सिगारेटची कॉइल भरण्याचा जुगाड कुणाला महागात पडणार?

विहिरीवरची मोटार जळाली की लगेच कुणी नवी घेत नाही. तालुक्याच्या गावी वायंडिंगवाल्याकडे नेतात आणि भरून आणतात. पंख्याचं, मिक्सरचं, कुलरचंही तसंच. वस्तू टाकून न देता दुरुस्त करायची ही सवय चांगलीच आहे. पण याच सवयीच्या आधाराने एक वेगळा धडा मोबाइलवर फिरतो आहे. जळालेली ई-सिगारेटची कॉइल घरच्या घरी कशी भरायची, हे दाखवणारे व्हिडिओ शोधले की लगेच सापडतात. भाषा कुठलीही असो, हात काय करतात ते बघून कळतं. कॉलेजच्या पोरांना वाटतं, यात काय अवघड आहे? मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानदारालाही वाटू शकतं की हे तर आपलंच काम.

काम हाताला सोपं आहे, हे खरं. पण त्यात तीन धोके आहेत. एक बॅटरीचा, दुसरा फुप्फुसाचा आणि तिसरा कायद्याचा. व्हिडिओत तिसऱ्याचं तर नावही निघत नाही, कारण असे बरेच व्हिडिओ जिथे ही वस्तू उघड विकायला परवानगी आहे अशा देशांतले असतात.

हा जुगाड आला कुठून?

आजच्या ई-सिगारेटचा जनक म्हणून चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांचं नाव घेतलं जातं. साल २००३. पुढच्या दहा वर्षांत ती युरोप-अमेरिकेत पसरली. वस्तूचे भाग मोजकेच आहेत. एक बॅटरी, वर द्रव भरायची छोटी टाकी, आणि टाकीच्या तळाशी तारेचे चार-सहा वेढे. हीच कॉइल. वेढ्यांमध्ये कापूस असतो. कापूस द्रव शोषतो, तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते.

स्वस्त टाक्यांमधली कॉइल काही दिवसांत काळी पडते आणि जळका वास मारते. दर वेळी कंपनीची नवी कॉइल घ्यायची म्हणजे खर्च. म्हणून २०१२-१३ च्या सुमारास तिकडच्या लोकांनी जुनी कॉइल उघडून, जळकी तार काढून, लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची कांथल तार आणि नवा कापूस भरायला सुरुवात केली. वीतभर तार पुरते. पैसे वाचवायला सुरू झालेला हा उद्योग पुढे अनेकांचा छंदच झाला.

नंतर वापरून फेकायच्या ई-सिगारेट आल्या आणि तो छंद मागे पडला. पण फेकलेल्या बॅटऱ्यांचा ढीग इतका वाढला की ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा एकदाच वापरायच्या ई-सिगारेटची विक्री बंद केली. पुन्हा भरता येणारी टाकी आणि बदलता येणारी कॉइल असलेली वस्तू तिथे आजही चालते. पण तिथे टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, द्रवात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही आणि १८ वर्षांखालच्यांना विक्री चालत नाही.

मोटारीची कॉइल वेगळी, ही वेगळी

वायंडिंगवाल्याला जे कळतं ते इथे उलटं होतं. मोटारीची कॉइल तापू नये यासाठी सगळी धडपड असते. ही कॉइल मात्र तापण्यासाठीच असते. मोटारीवर जादा लोड आला तर स्टार्टर ट्रिप होतो. इथे साध्या, सर्किट नसलेल्या वस्तूत तार आणि बॅटरी यांच्यामध्ये अडवणारं काहीच नसतं.

हिशेब शाळेतलाच आहे. पूर्ण चार्ज झालेली लिथियम बॅटरी ४.२ व्होल्ट देते. कॉइल १ ओहमची असेल तर ४.२ अँपिअर करंट वाहतो. अर्ध्या ओहमला तो ८.४ होतो आणि ०.२ ओहमला थेट २१ अँपिअर. दोन वेढे कमी पडले किंवा तार थोडी जाड घेतली की ओहम खाली येतात आणि करंट वाढतो. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल एवढा करंट देण्यासाठी बनवलेलेच नसतात. एवढे कमी ओहम साध्या मल्टिमीटरवर नीट मोजताही येत नाहीत, कारण त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्या आकड्याच्या आसपास असतो. कुणी मोटारीची तांब्याची तार वापरली तर वीतभर तांब्याला रेझिस्टन्स जवळजवळ नसतोच. म्हणजे सरळ शॉर्ट.

मोबाइलची बॅटरी फुगलेली अनेकांनी पाहिली असेल. ही वस्तू तर तोंडाजवळ धरलेली असते. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये ई-सिगारेटचा स्फोट होऊन एकेकाचा जीव गेला आहे.

वाफेत काय असतं?

"ही नुसती वाफ आहे, धूर नाही" हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी हमखास असतं. पण ही चुलीवरच्या पातेल्यातली पाण्याची वाफ नव्हे. द्रवात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरिन, वासाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. कापूस नीट भरला गेला नाही आणि कोरडा पडला की तार गरजेपेक्षा जास्त तापते. मग याच द्रवातून फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलिन यांसारखे विषारी पदार्थ तयार होतात. घरी भरलेल्या कॉइलमध्ये ही चूक व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज वापरणाऱ्यांची उपकरणं तपासली, तेव्हा अनेकांच्या वाफेत शिसं, निकेल आणि क्रोमियम सापडलं.

द्रव कुठून आला हेही तितकंच महत्त्वाचं. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या एका विचित्र आजाराने रुग्णालयं भरली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या सरकारी नोंदीत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू होते. मुख्य संशय गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर गेला. असा बराचसा माल अनधिकृत मार्गाने आलेला होता. आपल्याकडे तर सगळाच माल चोरवाटेने येतो. बाटलीवर छापलंय तेच आत आहे, याची हमी कोण देणार?

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी आणली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. निकोटिन आहे की नाही, याने फरक पडत नाही.

दुकानदाराने लक्षात ठेवायची गोष्ट पुढे आहे. कायद्यात बंदी फक्त अख्ख्या वस्तूवर नाही, तिच्या कोणत्याही भागावर आहे. भाग बनवणं आणि जोडणं हेही उत्पादनातच धरलं आहे. दुरुस्ती म्हणून वेगळी सूट नाही. तार विकणं किंवा कापूस विकणं हा गुन्हा नव्हे. पण त्याच तारेपासून ई-सिगारेटची कॉइल भरून गिऱ्हाइकाला देणं हे या व्याख्येत सहज बसू शकतं. "मी विकत नाही, फक्त रिपेअर करतो" या बचावावर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे.

पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवला तरी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी झडती घेऊ शकतो.

बंदी आहे, तरी माल येतो

गुटख्याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि पुड्या कुठे मिळतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ई-सिगारेटचंही वेगळं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर विभागाने सुमारे २ लाख नग पकडले. बाजारात त्यांची किंमत ४८ कोटी रुपये धरली होती. चीनने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून आपल्या देशात फळांच्या वासाच्या ई-सिगारेट विकायला बंदी केली, पण निर्यातीचा रस्ता मोकळा ठेवला.

माल चोरून आला की कॉइलही चोरूनच आणावी लागते, आणि ती महाग पडते. मग भरण्याचा जुगाड सुरू होतो. म्हणजे ब्रिटनमध्ये टाकी किती मोठी आणि निकोटिन किती यावर कुणाची तरी नजर आहे, इथे ते सगळं अंदाजावर. बंदीचा कायदा कागदावर कडक आणि गल्लीत ढिला राहिला, तर सगळ्यात असुरक्षित माल सगळ्यात अजाण हातात पडतो.

सिगारेट सोडायला उपयोग होतो का?

ब्रिटनची आरोग्य यंत्रणा सिगारेट सोडू पाहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी याकडे एक मदत म्हणून बघते. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण तो दाखला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू, मिश्री, खर्रा यांसारखे न ओढायचे प्रकार वापरणारे २४.४ टक्के. आपला मुख्य रोग चघळण्याचा आहे. ज्या पोराने कधी बिडी ओढली नाही त्याच्या हातात आंब्याच्या वासाची वाफ आली, तर काही सुटत नाही, नवीन व्यसन लागतं.

आता करायचं काय?

घरात पेन ड्राइव्हसारखी किंवा हायलायटर पेनासारखी दिसणारी, गोड वासाची वस्तू सापडली तर आधी पोराशी शांतपणे बोलावं. मारझोडीने वस्तू फक्त लपवली जाते. द्रवाची बाटली लहान लेकरांच्या हाताला लागू देऊ नये, कारण निकोटिन गिळलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. वस्तू चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नये, आत लिथियम बॅटरी असते. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

आणि रिपेअरिंगवाल्यांनी एवढंच करावं. कुणी अशी टाकी घेऊन आला की "हे आपल्याकडे होत नाही" म्हणून परत द्यावी. मोटारी, पंखे, मोबाइल भरपूर आहेत. चार पैशांच्या कॉइलपायी दुकानाला कुलूप लागलं, तर ते कुणालाच भरून काढता येणार नाही.