एक्स-रे निर्दोष, तरी जांघ का दुखते?

परंड्याच्या पेठेत दिवसभर गादीवर मांडी घालून बसणाऱ्या व्यापाऱ्यास जांघेत कळ येऊ लागली, तर तो दोष बैठकीला देतो. शेक घेतला जातो, फार तर एक्स-रे काढला जातो आणि त्यात काही न दिसल्यास घर निश्चिंत होते. बहुधा ही निश्चिंती योग्य असते. परंतु एका विकारात तीच महाग पडते.

मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या वाटीत बसलेला असतो. त्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास आतील अस्थिपेशी मृत होऊ लागतात. यास अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. स्टेरॉइडची मोठी मात्रा, अतिमद्यपान, खुब्याचा अस्थिभंग ही त्याची प्रमुख कारणे होत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोविडनंतरच्या अशा तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. उपचारात स्टेरॉइड घेतलेल्या या तिघांना कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांतच त्रास सुरू झाला होता.

प्रारंभी हाडाचा आकार बदलत नाही, म्हणून एक्स-रे निर्दोष येतो. एमआरआय मात्र पाणी व चरबी यांतील हायड्रोजनचे संकेत टिपतो. त्याचे १.५ टेस्ला शक्तीचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून सुमारे तीस हजार पट प्रबळ असते. मज्जेतील चरबीचा संकेत दाबून टाकला की तेथे साचलेले पाणी उजळ दिसते. मृत व जिवंत भागांमधील सीमारेषाही उमटते. याच तंत्राने सूक्ष्म अस्थिभंग, गुडघ्यातील फाटलेली गादी आणि स्नायूंची इजा ओळखता येते. या तपासणीत क्ष-किरणांचा वापर होत नाही.

तथापि प्रत्येक दुखण्यास एमआरआय नको. कोणतीही तक्रार नसलेल्यांच्या मणक्यांतही झीज दिसते. विशीत सुमारे ३७ टक्के, तर ऐंशीत ९६ टक्के लोकांत ती आढळल्याचे २०१५ च्या एका संकलित अभ्यासात नमूद आहे. म्हणून केवळ अहवाल वाचून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

बार्शी वा सोलापूरला तपासणीस निघताना औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात आणि पूर्वी स्टेरॉइड घेतले असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चालू स्टेरॉइड मात्र परस्पर बंद करू नये. पेसमेकर किंवा शरीरातील धातूची माहिती आधीच द्यावी. हा विकार अनेकदा दोन्ही बाजूंस असतो, म्हणून दोन्ही खुब्यांची तपासणी करावी का, हेही विचारावे. माथा खचण्यापूर्वी निदान झाले, तर औषधे वा छोट्या शस्त्रक्रियेने सांधा वाचण्याची संधी असते. तो खचल्यावर बहुधा सांधा बदलण्याचाच मार्ग उरतो.