निवडून आला, पण बसू दिला नाही

लोकप्रतिनिधी म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर राज्यशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत मिळते. लोकांनी निवडून दिलेला तो लोकप्रतिनिधी. उत्तर बरोबर आहे, गुणही पूर्ण पडतात. पण लोकांनी निवडून दिल्यावर सभागृहच म्हणाले, 'हा आम्हाला नको', तर? हा प्रश्न सहसा परीक्षेत येत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मात्र १९६६ साली तो एका पंचवीस वर्षांच्या तरुणापुढे उभा राहिला. त्याचे नाव ज्युलियन बाँड.

बाँड यांचा जन्म १९४० चा, नॅशव्हिलचा. वडील होरेस मान बाँड हे नामवंत शिक्षणतज्ज्ञ, लिंकन विद्यापीठाचे अध्यक्ष. ज्युलियन अटलांटाच्या मोरहाऊस महाविद्यालयात शिकत असताना, १९६० मध्ये, कृष्णवर्णीयांना उपाहारगृहात बसू न देण्याच्या रूढीविरुद्ध दक्षिणेकडील विद्यार्थी सत्याग्रहाला उतरले. त्यातूनच 'विद्यार्थी अहिंसक समन्वय समिती' जन्माला आली. तिच्या प्रसिद्धीची जबाबदारी बाँड यांनी अंगावर घेतली आणि पदवी अर्धवट टाकून कॉलेज सोडले.

१९६५ मध्ये ते जॉर्जियाच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ज्या सभागृहात कित्येक दशके एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता, तेथे त्या वर्षी आठजण निवडून आले होते. बाँड त्यांपैकी एक. शपथविधी होणार होता १० जानेवारी १९६६ रोजी. पण त्याच्या आधी आठवड्याभरात दोन घटना घडल्या. अलाबामातील टस्कीगी येथे सॅमी यंग या विद्यार्थ्याचा गोळी घालून खून झाला. तो नौदलात नोकरी करून आलेला होता. पेट्रोलपंपावरचे गोऱ्यांसाठी राखलेले स्वच्छतागृह वापरण्यावरून वाद झाला, एवढेच निमित्त. त्यानंतर तीनच दिवसांनी समितीने व्हिएतनाम युद्धाचा निषेध करणारे पत्रक काढले आणि सक्तीच्या लष्करभरतीला नकार देणाऱ्यांविषयी सहानुभूती दाखवली. एका वार्ताहराने बाँड यांना विचारले, तुम्हाला हे पत्रक मान्य आहे का? बाँड यांनी सरळ 'हो' म्हटले.

झाले! सभागृहात गदारोळ उडाला. युद्धाला विरोध करणारा माणूस राज्यघटनेशी निष्ठेची शपथ प्रामाणिकपणे घेऊच शकत नाही, असा मुद्दा निघाला. बाँड शपथ घ्यायला तयार होते. तरीही १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना प्रवेश नाकारण्यात आला.

विरोधकांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. देशाचे तरुण रणांगणावर मरत असताना असे बोलणे अनेकांच्या जिव्हारी लागले असणार. सदस्यांची पात्रता तपासण्याचा अधिकार सभागृहाला असतो, हेही खरे. परंतु पात्रता म्हणजे काय? वय, वास्तव्य, निवडणुकीची रीत या गोष्टी कागदावर तपासता येतात. मनातली निष्ठा कोणत्या तराजूत तोलायची? आणि तराजू धरणारे हात जर प्रतिस्पर्ध्यांचेच असतील, तर त्या न्यायाला न्याय कोण म्हणेल?

मतदारांनी आपले उत्तर लगेच दिले. रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली, तीत बाँडच निवडून आले. त्यांना पुन्हा नाकारले. नोव्हेंबरात ते तिसऱ्यांदा निवडून आले. दरम्यान प्रकरण न्यायालयात गेले होते. खालच्या न्यायालयात तीनपैकी दोन न्यायाधीश विरुद्ध गेले. पण ५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाँड यांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की शपथेच्या अटीचा उपयोग प्रतिनिधीचे तोंड बंद करण्यासाठी करता येत नाही. उलट वादग्रस्त प्रश्नांवर भूमिका घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे. त्याशिवाय मतदारांना आपला माणूस कळणार कसा?

मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. आपण समजतो, भाषणस्वातंत्र्य हा बोलणाऱ्याचा हक्क. प्रतिनिधीच्या बाबतीत तो ऐकणाऱ्याचाही हक्क आहे. सभागृहाने बाँड यांची खुर्ची अडवली, तेव्हा अटलांटातील त्या वस्तीचे मतच वर्षभर अडवले गेले. प्रतिनिधी चुकला तर त्याला घरी बसवण्याचा अधिकार मतदारांचा, सहकाऱ्यांचा नव्हे.

हा अधिकार मतदारांनी पुढे बाँड यांच्यावरही बजावला. प्रतिनिधिगृह आणि नंतर राज्याची सिनेट मिळून त्यांनी वीस वर्षे काढली. कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेला संसदीय मतदारसंघ अटलांटात व्हावा, म्हणून ते झगडले. १९८६ मध्ये त्याच मतदारसंघातून ते पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले आणि हरले. हरवणारे होते समितीतील त्यांचे जुने सोबती, अलाबामातील वाटेकरी शेतकऱ्याचे चिरंजीव जॉन लुईस. लढत कडवट झाली, मैत्रीला तडा गेला. पण या वेळी दार सहकाऱ्यांनी लावले नव्हते, मतदारांनी निवड केली होती. १९६६ चा अन्याय आणि १९८६ चा पराभव यांतला फरक ज्याला समजला, त्याला लोकशाही समजली असे मी म्हणेन.

एका गोष्टीबाबत मात्र मी बाँड यांचे अनुकरण करा असे सांगणार नाही. घरात यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, अशा माझ्यासारख्याला पदवी सोडून चळवळीत उडी घेणे परवडणारे नाही. विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या मुलाला परतीची वाट होती. आमची वाट एकदा सुटली की सुटलीच. खुद्द बाँडही परतले आणि १९७१ मध्ये त्यांनी पदवी पुरी केली. पुढे ते प्राध्यापक झाले, नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एन. ए. ए. सी. पी. या जुन्या संस्थेचे १९९८ ते २०१० अध्यक्ष राहिले. १५ ऑगस्ट २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

पण वार्ताहराने विचारल्यावर 'हो' म्हणायला पदवी सोडावी लागत नाही. 'मी ते पत्रक लिहिले नाही' एवढे म्हणून बाँड सुटू शकले असते. मित्रहो, वर्गात, वसतिगृहात, गावच्या ग्रामसभेत आपल्यालाही कोणीतरी विचारतेच, 'तुला हे पटते का?' तेव्हा आपण काय उत्तर देतो?

(द्वितीय वर्ष, कला)