सुपातले तांदूळ आणि हातातला फोन

मूल बागेत खेळत असताना बाकावर बसून फोन पाहणाऱ्या पालकांची बाजू हल्ली मोठ्या हिरिरीने मांडली जाते. मांडणारे लोक शिकलेले, वाचणारे असतात, याचा मला जास्त राग येतो. त्यांचं म्हणणं असं: पूर्वीच्या आया तरी कुठे मुलांकडे टक लावून बसत होत्या? मुलं अंगणात खेळत, आई पायरीवर तांदूळ निवडत असे नाहीतर स्वेटर विणत असे, वडिलांच्या तोंडासमोर वर्तमानपत्र असे. तरी मुलं वाढलीच ना? मग फोनवरच एवढा राग का? दमलेल्या आईला दोन घटका विसावा मिळू द्या. मुलंही मोकळी राहून स्वावलंबी होतील.

वर्तमानपत्राचं एका वाक्यात संपवतो. मुलाकडे न पाहणारा बाप तेव्हाही चुकतच होता, आणि त्याची चूक आजच्या चुकीची साक्षीदार होऊ शकत नाही.

तांदळाचं मात्र नीट पाहायला हवं, कारण सगळी भिस्त त्यावरच आहे. तांदूळ निवडणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात, डोळे अर्धे मोकळे आणि कान पूर्ण मोकळे. सूप केव्हाही खाली ठेवता येतं. परत उचललं की काम होतं तिथंच असतं. सूप हाक मारत नाही. फोनवरचा मजकूर संपूच नये अशा बेताने रचलेला असतो: एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू, बोट सरकवलं की पुढचं हजर. शिवाय आई काय करते आहे हे मुलाला दिसत असे. ते येऊन मूठभर तांदूळ उचली, सांडी, ओरडा खाई. आईचं काम त्याच्याच जगातलं होतं. फोनमध्ये काय चाललं आहे हे बाकाजवळ उभ्या मुलाला कळायला मार्गच नाही.

इथेच खरा घात आहे, कारण काय करावं हे कळेनासं झालं की मूल मोठ्यांचा चेहरा वाचतं. 1960 मध्ये एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जाड काचेचा पृष्ठभाग, अर्ध्या भागात काचेखाली लगेच जमीन, उरलेल्या भागात जमीन बरीच खोल. रांगतं मूल कड्यापाशी थांबतं का ते पाहायचं. पुढे 1985 मध्ये काही संशोधकांनी ती खोली कमी केली, धड भीतीही वाटू नये आणि खात्रीही वाटू नये इतकी. पलीकडे आईला उभं केलं. आईने हसरा चेहरा दाखवला तेव्हा वर्षाच्या 19 मुलांपैकी 14 मुलं काच ओलांडून गेली. घाबरलेला चेहरा दाखवला तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. आई एक अक्षर बोलली नव्हती.

बागेत लहान मूल संध्याकाळभर हेच करत असतं. घसरगुंडीची तिसरी पायरी आली, अनोळखी कुत्रं जवळ आलं, दुसऱ्याने बादली ओढून घेतली, की मान वळते आणि नजर बाकाकडे जाते. तिथला चेहरा कोरा असेल तर उत्तर मिळत नाही. याहून वाईट म्हणजे चुकीचं उत्तर मिळतं. मूल पडलं त्याच क्षणी आई मैत्रिणीच्या निरोपाला हसत असते. पहिल्यांदा एकटं वर चढलं त्याच क्षणी बापाच्या कपाळावर ऑफिसच्या मेसेजने आठी पडलेली असते. मूल तो चेहरा आपल्यासाठीच आहे असं धरून चालतं. त्याने दुसरं काय धरावं?

फोटो काढणाऱ्यांनी यातून स्वतःला वगळू नये. मुंबईच्या कमला नेहरू पार्कमध्ये 'म्हातारीचा बूट' या बुटाच्या आकाराच्या वास्तूत चढलेलं मूल वरून हात हलवतं, ते खालच्या माणसासाठी. त्याला तिथे फोनची पाठ दिसते.

विसाव्याचा मुद्दा निघाला की मला पाळणाघरांवरचा जुना वाद आठवतो. नोकरी करणाऱ्या आयांना तेव्हा दोष देणाऱ्यांशी मी भांडलो होतो, आजही भांडेन. म्हणूनच आईचा थकवा पुढे करून फोनची वकिली करणं मला सहन होत नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, ते करणारे पुरुष 97. विसावा या दोन आकड्यांमधल्या फरकातून काढायला हवा, आणि तो नवऱ्याने द्यायला हवा. मुलाच्या वाट्याच्या अर्ध्या तासातून तो का काढायचा? आणि ज्या फोनवरून ऑफिस, शाळेचा ग्रुप आणि नातेवाईक एकाच वेळी हाका मारतात, त्यात विसावा आहे तरी कुठे?

स्वावलंबनाचं म्हणाल तर डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने 1958 मध्येच मांडलं होतं की एकटं राहायला मूल शिकतं ते कुणाच्या तरी सोबतीत. सोबत म्हणजे शरीराने बाकावर असणं नव्हे.

मग करायचं काय? मुलाच्या मागे मागे पळायचं, दर पायरीला 'सांभाळून' म्हणायचं, असं मी सांगत नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत, नंतर कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं. त्यांच्यापर्यंत आलेल्या माँटेसरी विचाराचा गाभाच मुलाच्या कामात हात न घालता त्याच्याकडे पाहणं हा आहे. बागेत पालकाने तेवढंच करावं. पाहावं, मान वळली तर आपला चेहरा तिथे असावा. शेजारच्या आईशी गप्पा माराव्यात, खुशाल विणावं, तांदूळही निवडावेत. फोन पिशवीत, आवाज फक्त कॉलपुरता. कॉल आलाच आणि घ्यावाच लागला, तर सोबतच्या मोठ्या माणसाला मुलाकडे बघायला सांगून, मुलाला 'दोन मिनिटं बोलून येते' असं सांगून बाजूला जावं, बोलणं संपवावं आणि परत येऊन बसावं. सोबत कुणी नसेल तर नंतर फोन करते म्हणावं; पलीकडच्या माणसाला तेवढं थांबता येतं.