वाणिज्य पदवी आणि गावचा ताळेबंद

बारावीचे निकाल लागले की वाणिज्य महाविद्यालयांच्या दारांशी पालकांची रीघ लागते, हे दृश्य गोव्याला नवे नाही. मडगावचे दामोदर महाविद्यालय १९७३ साली सुरू झाले, तेव्हा अभ्यासक्रम मुंबईहून ठरून येत असे. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि तो अधिकार आपल्या हाती आला. त्या अधिकाराचे आपण काय केले, हे एकदा तपासून पाहावयास हवे.

नावांत व रचनेत फेरफार पुष्कळ झाले. बी.कॉम.च्या जोडीला बी.बी.ए. आली. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांच्या पदवीची सोय झाली, तर २०२४-२५ पासून बी.बी.ए. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आली. यास आमची हरकत नाही. मात्र वर्ष वाढले म्हणून जाण वाढते असे नव्हे.

खरी उणीव निराळीच आहे. म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये रद्द केला. जुलै २०२१ मध्ये मडगाव अर्बनवरही तोच प्रसंग ओढवला. ठेवीला विम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंतच. त्यापलीकडची पुंजी ज्यांनी विश्वासाने ठेवली होती, त्यांच्या वाट्याला अवसायकाच्या कचेरीची वाट आली. सहकारी बँकेचा ताळेबंद दरवर्षी वार्षिक सभेपुढे मांडला जातो. अशा सभांत वाणिज्य पदवीधर का नसतात? असतात, पण अहवालाची पाने चाळून चहाची वाट पाहणाऱ्यांत तेही असतात. थकीत कर्जांचा आकडा कोठे दडतो आणि लेखापरीक्षकाच्या शेऱ्याचा अर्थ काय, हे त्यांना कोणी गावच्या उदाहरणाने शिकविलेलेच नसते. त्यांनी तीन वर्षे 'अ', 'ब' आणि 'क' या काल्पनिक भागीदारांचे हिशेब सोडविलेले असतात!

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्दबातल ठरविले, तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक दारांत उभे राहिले. एकाच धंद्यावर विसंबणाऱ्या गावाचे अर्थकारण कसे कोसळते, याचा याहून जिवंत पाठ कोणते पुस्तक देणार?

नव्या रचनेत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी श्रेयांक राखून ठेवलेले आहेत. ते एखाद्या हॉटेलच्या स्वागतकक्षात उभे राहून मिळविण्यात काय हशील? विद्यार्थ्यांना गावच्या पतसंस्थेत, दूध सोसायटीत, म्हापशाच्या बाजारातील पेढीवर पाठवावे. संचालक दप्तरे उघडणार नाहीत, अशी शंका घेतली जाईल. परंतु सभासदांना वाटलेला छापील अहवाल ही काही गुप्त वस्तू नव्हे, आणि आरंभ करण्यास तेवढा पुरेसा आहे. आपल्या तालुक्यातील एका संस्थेचे पाच वर्षांचे अहवाल वाचून त्यांवर टिपण लिहिल्याखेरीज कोणाही विद्यार्थ्यास वाणिज्याची पदवी देऊ नये, असा नियम विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने येत्या वर्षापासून करावा.